चार हंगामांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘मुली, मैदान आणि आपलं काम’ या सत्रात मी केलेलं भाषण. छापताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बेसबॉल’ हा शब्द वाचून चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, “अगं, आपल्याकडे कबड्डीला मैदान मिळत नाही, आणि तू अमेरिकेतला बेसबॉल कुठे काढलास?” प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर आधी देते आणि गोष्ट मग सांगते.

अमेरिकेत १९९४ ते १९९७ अशी चारच वर्षं स्त्रियांचा एक व्यावसायिक बेसबॉल संघ होता. त्याचं नाव ‘कोलोरॅडो सिल्व्हर बुलेट्स’. पहिल्या वर्षी तो जवळजवळ सगळे सामने हरला. दुसऱ्या वर्षी जरा कमी हरला, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. चौथ्या वर्षी पहिल्यांदाच त्याचे जिंकलेले सामने हरलेल्या सामन्यांपेक्षा जास्त झाले, आणि त्याच वर्षी तो बंद पडला. आपल्यातल्या ज्यांनी कधी तीन वर्षांच्या अनुदानावर काम केलंय, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. बाईला एखादं काम शिकायला किती वेळ द्यायचा, तो कुणी ठरवायचा, आणि तिचं यश-अपयश मोजायची फूटपट्टी कुणाच्या हातात असते, एवढंच मला आज बोलायचं आहे. बेसबॉल हे निमित्त.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. आपल्यापैकी बऱ्याचजणी शाळेत सॉफ्टबॉल खेळल्या असतील. बेसबॉल दिसायला तसाच असतो. चार कोपऱ्यांचं मैदान, मधे चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर, समोर बॅट घेतलेली खेळाडू. चेंडू मारायचा आणि एकेक टप्पा, म्हणजे बेस, गाठत घरी परत यायचं, की एक धाव. पण दोन्हींत फरक मोठा आहे. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९० फूट. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, त्याचा घेर १२ इंच, आणि तो हात खालून आणून फेकतात. बेसबॉलचा घेर सुमारे ९ इंच, आणि तो खांद्यावरून, साडेसाठ फुटांवरून, उंचवट्यावर उभं राहून फेकायचा. म्हणजे नजर, खांदा, धावणं, अंदाज, सगळं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे ‘मायनर लीग’. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलची एक उतरंड असते. सर्वांत वर मोठ्या शहरांच्या मेजर लीग. त्यांच्याखाली लहान शहरांतल्या मायनर लीग. मुलगा शाळेत खेळतो, कॉलेजात खेळतो, मग मायनर लीगमध्ये थोड्या पगारावर काही वर्षं घासतो, आणि त्यातला एखादाच वर पोचतो. तिथे तो हरला तरी चालतं. ती जागाच शिकण्यासाठी असते. आपल्या भाषेत सांगायचं तर तो जिना आहे. बायकांच्या वाट्याला हा जिना कधी आला नाही.

तसा प्रयत्न फार जुना आहे. १९३१ साली टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावच्या मायनर लीग संघाने जॅकी मिचेल या सतरा वर्षांच्या मुलीशी करार केला. २ एप्रिल १९३१ ला न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाशी झालेल्या प्रदर्शनीय सामन्यात तिने लागोपाठ दोन फलंदाज बाद केले. एक बेब रूथ आणि दुसरा लू गेरिग. आपल्याकडे एखाद्या शाळकरी मुलीने सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकरला ओळीने बाद करावं, तशी ही घटना. ते दोघे मुद्दाम बाद झाले का, यावर अजून वाद घालतात. संघाचा मालक गर्दी खेचणाऱ्या करामतींबद्दल प्रसिद्ध होता, म्हणून शंकेला जागाही आहे. पण मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मुलगी हरली असती तर कुणी शंका घेतली नसती.

मग दुसरं महायुद्ध आलं. पुरुष सैन्यात गेले, मैदानं ओस पडायची भीती निर्माण झाली. १९४३ मध्ये च्युइंगगमचे कारखानदार आणि शिकागो कब्ज संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी मुलींची व्यावसायिक लीग काढली. ती १९५४ पर्यंत चालली, सहाशेहून अधिक स्त्रिया त्यात खेळल्या. १९४८ च्या हंगामात सुमारे नऊ लाख प्रेक्षकांनी हे सामने पाहिले. पण या मुलींना आखूड स्कर्ट घालून खेळावं लागे. घसरत बेस गाठताना मांड्या सोलवटून निघत. लिपस्टिक सक्तीची, केस पुरुषी कापलेले चालत नसत, आणि सुरुवातीला चालाबोलायचे, नटण्यामुरडण्याचे वर्गही भरवले होते. खेळा पुरुषांसारखं, पण दिसा बायकांसारखं! आणि काळ्या मुलींना तर दारच बंद. मेमी जॉन्सन नावाची काळी मुलगी चाचणीला गेली, तिला खेळू दिलं नाही. पुढे ती, टोनी स्टोन आणि कॉनी मॉर्गन या तिघी पुरुषांच्या निग्रो लीगमध्ये खेळल्या. ‘सगळ्या स्त्रियांसाठी’ म्हणून उघडलेलं दार नेमकं कुणासाठी उघडलंय, हे विचारायची सवय आपल्याला जातीच्या अनुभवातून लागली आहे. तो प्रश्न तिथेही विचारावा लागतो.

स्त्रियांची ही लीग चालू असतानाच मायनर लीगने काय केलं पाहा. जून १९५२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग संघाने एलिनॉर एंगल या लघुलेखिकेशी करार केला. तिने गणवेश घातला, सराव केला, फोटो काढले गेले. करार झाला २१ जूनला. मायनर लीगची जी शिखर संघटना होती, नॅशनल असोसिएशन, तिचे अध्यक्ष जॉर्ज ट्रॉटमन यांनी २३ जूनला तो रद्द केला आणि यापुढे कुठल्याही संघाने स्त्रीशी करार करायचा नाही असा फतवाच काढला. दोन दिवस! सरकारी कचेरीत आपला साधा अर्ज दोन दिवसांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. बाईला बाहेर ठेवायचं असलं की कारभार किती तत्पर होतो!

तिसरा टप्पा लहान मुलींचा. १९७२ साली न्यूजर्सीतल्या होबोकन गावात मारिया पेपे ही मुलगी मुलांच्या लिट्ल लीग संघातून तीन सामने खेळली. लिट्ल लीगच्या वरिष्ठांनी गावाच्या संघाची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली, आणि मारियाला घरी बसावं लागलं. तिच्या बाजूने तिथली ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर वुमन’ ही स्त्री संघटना उभी राहिली. सिल्व्हिया प्रेसलर या सुनावणी अधिकारी बाईंनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला आणि १९७४ मध्ये लिट्ल लीगला मुलींना घ्यावं लागलं. निकाल येईपर्यंत मारियाचं वय मात्र उलटून गेलं होतं. कायद्याच्या लढाईत पहिली बाई स्वतःसाठी क्वचितच जिंकते, ती मागून येणाऱ्यांसाठी जिंकते. भंवरीदेवीचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. विशाखा मार्गदर्शक तत्त्वं तिच्या लढ्यातून आली, तिला स्वतःला न्याय मिळाला नाही.

पण निकालाबरोबर आणखी एक गोष्ट घडली, ती नीट ऐका. १९७४ मध्येच लिट्ल लीगने मुलींसाठी वेगळा सॉफ्टबॉल विभाग सुरू केला. वरवर पाहता छानच. मुलींना त्यांचं हक्काचं मैदान! पण झालं असं, की मुलगी बेसबॉलची हौस घेऊन आली की तिला सॉफ्टबॉलकडे वळवलं जाऊ लागलं. शाळांत मुलांना बेसबॉल, मुलींना सॉफ्टबॉल. कुणी ‘नाही’ म्हणत नव्हतं, फक्त दुसरं दार दाखवत होतं. सॉफ्टबॉल कमी प्रतीचा खेळ आहे असं मी म्हणत नाही. तो उत्तम खेळ आहे. पण ज्या जिन्यावरून मुलगा वर जातो तो जिना मुलीच्या घरापासून काढून नेला, आणि मग वीस वर्षांनी विचारलं, “तुमच्यात कुणी वर का पोचलं नाही?”

ज्युली क्रोटो या मुलीने तरी तो जिना सोडला नाही. व्हर्जिनियातल्या शाळेने तिला मुलांच्या बेसबॉल संघातून वगळलं, म्हणून ती १९८८ मध्ये कोर्टात गेली आणि हरली. १९८९ मध्ये मेरीलंडमधल्या सेंट मेरीज कॉलेजच्या पुरुष संघात ती खेळू लागली. अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या पुरुष बेसबॉलमध्ये खेळणारी ती पहिली स्त्री मानली जाते. १९९१ मध्ये संघातलं स्त्रियांबद्दलचं गलिच्छ बोलणं असह्य होऊन ती बाहेर पडली. पुढे ती सिल्व्हर बुलेट्समध्ये आली.

आता त्या संघाकडे येऊ. बॉब होप नावाचे एक गृहस्थ, अटलांटा ब्रेव्हज संघाचे पूर्वीचे अधिकारी. १९८४ मध्येच त्यांनी ‘सन सॉक्स’ हा बायकांचा संघ काढून फ्लोरिडातल्या मायनर लीगमध्ये प्रवेश मागितला होता. तो नाकारला गेला. मग १९९२ मध्ये युद्धकाळातल्या मुलींच्या लीगवरचा ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा चित्रपट आला, खूप चालला, आणि विसरलेल्या त्या खेळाडू बायकांची आठवण देशाला झाली. होप यांनी पुन्हा उचल घेतली. कूअर्स या बिअर कंपनीने पैसा दिला. आणि ज्या नॅशनल असोसिएशनने १९५२ मध्ये बाईवर बंदी घातली होती, तिनेच या बायकांच्या संघाला अधिकृत मान्यता दिली. चाळीस वर्षं लागली, पण कागद फिरला.

देशभर चाचण्या झाल्या. हजाराहून जास्त स्त्रिया आल्या. कुणी शिक्षिका, कुणी प्रशिक्षक, तर जीना सॅट्रिआनो ही लॉस एंजेलिसची सरकारी वकील होती. बहुतेक जणी आयुष्यभर सॉफ्टबॉल खेळलेल्या. त्यातून दोन डझनभर निवडल्या गेल्या. शिकवायला फिल नीक्रो हे नामवंत पिचर आले. मेजर लीगमध्ये ३१८ सामने जिंकलेला हा माणूस चारही वर्षं त्यांच्याबरोबर राहिला.

पण संघाला लीग नव्हती आणि स्वतःचं मैदानही नव्हतं. गावोगाव फिरायचं आणि तिथल्या पुरुष संघांशी खेळायचं. पहिला सामना ८ मे १९९४ ला, शार्लट शहराजवळ. त्या दिवशी तिकडे ‘मदर्स डे’ होता, म्हणजे मुहूर्तही जाहिरातीच्या सोयीचा. समोर नॉर्दर्न लीगमधले निवडक व्यावसायिक पुरुष. निकाल: १९ विरुद्ध शून्य.

विचार करा. काही महिन्यांपूर्वीपर्यंत मोठा चेंडू खालून फेकणाऱ्या, खालून आलेला चेंडू मारणाऱ्या बायका. त्यांना पहिल्याच दिवशी, भर गर्दीत, कॅमेऱ्यांपुढे, लहानपणापासून हेच करत आलेल्या पुरुषांसमोर उभं केलं. मायनर लीगमधला पोरगा पहिल्या दिवशी चुकतो तेव्हा तो ‘नवखा’ असतो. या बायका हरल्या तेव्हा मात्र ‘बायका’ हरल्या. त्यानंतर सामने मुख्यतः हौशी आणि अर्धव्यावसायिक पुरुष संघांशी झाले. मे महिन्याच्या अखेरीस सेंट पॉल इथे त्यांनी पहिला विजय मिळवला, ७ विरुद्ध २. त्या दिवशी ली ॲन केचम पिचर होती. त्याच वर्षाच्या शेवटी ती आणि ज्युली क्रोटो हवाईतल्या हिवाळी लीगमध्ये पुरुषांच्या संघातून खेळल्या.

चार हंगामांचे आकडे मी इथे फळ्यावर लिहिलेत. वाचून दाखवते.

१९९४: ६ जिंकले, ३८ हरले.
१९९५: ११ जिंकले, ३३ हरले.
१९९६: १८ जिंकले, ३४ हरले.
१९९७: २३ जिंकले, २२ हरले.

बेरीज केली तर ५८ जिंकले आणि १२७ हरले. हा आकडा पाहणारा म्हणतो, “बायकांचा संघ होता एक, फसला.” आता तेच आकडे वर्षावार पाहा. शंभरात मोजलं तर पहिल्या वर्षी चौदा, मग पंचवीस, मग पस्तीस, मग एक्कावन्न. बेरीज सांगते फसला, चढण सांगते शिकला. दोन्ही आकडे खरे आहेत. कुठला वाचायचा हे वाचणारा ठरवतो. आपल्या बचत गटाचा, समुपदेशन केंद्राचा, रात्रशाळेचा हिशेब देताना हे लक्षात ठेवा. बेरीज मागणाऱ्याला चढणही दाखवा.

या चार वर्षांतल्या आणखी दोन घटना. जून १९९६ मध्ये या संघातली पिचर पामेला डेव्हिस ही जॅक्सनव्हिल सन्स या मायनर लीग संघातर्फे ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक संघाविरुद्ध प्रदर्शनीय सामना खेळली. एक डाव तिने टाकला आणि एकही धाव दिली नाही. म्हणजे १९५२ मध्ये जे दार बंद झालं, ते निदान एका डावापुरतं उघडलं.

दुसरी घटना जून १९९७ मधली, जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावातली. समोर अठरा वर्षांखालच्या मुलांचा संघ. त्यांच्या पिचरचा चेंडू किम ब्राट्झ-व्हॉयसार्डला लागला, आणि तो हसला. ती सरळ त्याच्या अंगावर धावून गेली, मग दोन्ही संघ मैदानात उतरून मारामारी झाली. चार वर्षांत या संघाची जी चित्रं लोकांच्या लक्षात राहिली, त्यात हे एक. पुरुषांच्या बेसबॉलमध्ये अशा मारामाऱ्या नेहमीच्या. बाईने केली की बातमी. मारामारीचं समर्थन मी करत नाही, पण त्या हसण्याचा अर्थ इथे बसलेल्या प्रत्येकीला समजतो. रस्त्यावर, एसटीत, मोर्च्याच्या कडेला आपण तो ऐकलेला आहे.

आता पैशाचा मुद्दा. तो टाळून पुढे जाता येणार नाही. ‘सिल्व्हर बुलेट’ हे नाव कुठून आलं? कूअर्स कंपनीच्या ‘लाइट’ बिअरच्या डब्याचं ते टोपणनाव. म्हणजे या बायका छातीवर बिअरची जाहिरात घेऊन खेळत होत्या. गावात आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून आणणाऱ्या आपण. आपल्याला हे टोचणारच, आणि टोचायलाच हवं. शिवाय ही तीच कंपनी, जिच्या मालावर १९७७ च्या संपानंतर तिथल्या कामगार संघटनांनी दहा वर्षं बहिष्कार टाकला होता. १९९७ च्या हंगामानंतर कंपनीने पैसा थांबवला आणि संघ संपला. एका कंपनीच्या एका निर्णयाने. खेळ कुणाचा होता? खेळाडूंचा. घाम कुणाचा? त्यांचाच. पण नाव कंपनीचं, किल्लीही कंपनीची.

मग त्या खेळाडूंनी हा पैसा नाकारायला हवा होता का? मला इतकं सोपं उत्तर देता येत नाही. चाळीस वर्षं बंद असलेलं दार ज्याच्या पैशाने उघडलं त्याला नकार देऊन घरी बसा, हे सांगणं सोपं असतं, कारण घरी आपण बसणार नसतो. खेळून पोट भरता येतं, हे त्या बायकांनी पहिल्यांदा अनुभवलं. माझं म्हणणं एवढंच, की पैसा घेताना तो थांबेल तेव्हाचा विचार पहिल्या दिवशी करायला हवा. पैसा जाईल तेव्हा मागे काय उरेल? मैदान उरेल का? शिकवणाऱ्या बायका तयार झालेल्या असतील का? खालून येणाऱ्या लहान मुली असतील का?

इथे माझ्या कामातला एक अनुभव सांगते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी ज्या वस्तीत काम सुरू केलं, तिथे आम्ही मुलींचा कबड्डीचा गट चालवतो. एका कंपनीने सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून दोन वर्षं पैसे दिले. बूट, चटया, प्रशिक्षिकेचं मानधन, संध्याकाळचे चणे-गूळ. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी साहेब आले आणि त्यांनी विचारलं, “राज्य पातळीवर किती मुली गेल्या?” एकही गेली नव्हती. पण ज्या वस्तीत दहावीच्या आत मुलींची शाळा सुटत होती, तिथे गटातल्या मुली शाळेत टिकल्या होत्या. दोघींची ठरत आलेली लग्नं त्यांनी स्वतः बोलून पुढे ढकलली होती. संध्याकाळी सात वाजता मुली मैदानावरून एकट्या घरी जाऊ लागल्या होत्या. त्यांच्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता. तिसऱ्या वर्षी पैसे आले नाहीत. गट आजही चालतो, कारण त्या दोन वर्षांत थोरल्या मुली धाकट्यांना शिकवायला लागल्या होत्या. चटया फाटल्यात, मातीवर खेळतात. मानधन नाही म्हणून प्रशिक्षिका आठवड्यातून एकदाच येते. हाल आहेत, ते मी झाकत नाही. पण गट उरलाय, कारण खालून येणारी रांग होती.

सिल्व्हर बुलेट्सकडे ही रांगच नव्हती. त्यांच्या मागे बेसबॉल खेळणाऱ्या मुलींच्या शाळा नव्हत्या, कॉलेजं नव्हती. वरचा मजला आधी बांधला, खालचे बांधलेच नाहीत. १९९७ मध्येच ‘लेडीज लीग’ ही फक्त बायकांच्या संघांची लीग निघाली. तिथे पुरुषांशी तुलनेचा जाच नव्हता. पण प्रेक्षक जमेनात, पैसा आटला आणि १९९८ च्या हंगामाच्या मध्यातच ती बंद पडली. आपल्यात नेहमी वाद होतो की स्त्रियांनी पुरुषांच्या चौकटीत शिरून झगडावं की आपली वेगळी जागा उभी करावी. या दोन उदाहरणांवरून मला वाटतं, पाया नसेल तर दोन्ही वाटा थोड्याच अंतरावर संपतात.

तरी सगळं वाया गेलं का? नाही. १९९७ मध्येच आयला बॉर्डर्स ही पिचर नॉर्दर्न लीगमध्ये पुरुषांच्या संघातून खेळू लागली, आणि १९९८ मध्ये तिने सामनाही जिंकला. म्हणजे ज्या लीगमधल्या पुरुषांनी १९-० ने हरवलं होतं, त्याच लीगमध्ये चार वर्षांनी एका बाईच्या नावावर विजय लागला. सिल्व्हर बुलेट्समधल्या काही जणी प्रशिक्षक झाल्या. ज्युली क्रोटो कॉलेजच्या पुरुष संघाला शिकवू लागली, पुढे अमेरिकेच्या महिला संघाबरोबरही तिने काम केलं. २००४ पासून स्त्रियांच्या बेसबॉलचा विश्वचषक सुरू झाला. २०२४ मध्ये जस्टिन सीगल या प्रशिक्षक बाईंच्या पुढाकाराने नव्या व्यावसायिक महिला लीगची घोषणा झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या चाचण्यांना सहाशेहून अधिक खेळाडू आल्या. यावेळी आलेल्यांत लहानपणापासून बेसबॉलच खेळलेल्या मुली होत्या. एवढा फरक पडायला जवळजवळ तीस वर्षं गेली.

वेळ लागतो म्हणजे किती लागतो, याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. १९७३ साली पुण्यात स्त्रियांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या बायका बिनआरक्षणाच्या डब्यातून प्रवास करत, शाळांच्या वर्गांत झोपत. २००५ आणि २०१७ मध्ये एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपला संघ हरला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत तो जिंकला. बावन्न वर्षं! १९७७ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी, कुणी वही काढून विचारलं असतं, “काय मिळवलंत?” तर उत्तर काय होतं? पण तिथे वही एका कंपनीच्या हातात नव्हती. ती संघटना बायकांनी आणि स्वयंसेवकांनी पदरमोड करून चालवलेली होती. गरिबीत चालली, पण चालली.

पदरमोडीचं उदात्तीकरण मला करायचं नाही. बायकांनी नेहमी फुकटच राबावं असं मुळीच नाही. खेळाडूला पैसे मिळायला हवेत, प्रशिक्षिकेला मानधन मिळायला हवं, आणि ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून ते मागणं हा आपला हक्क आहे. कंपनीच्या मर्जीपेक्षा अंदाजपत्रकातली ओळ जास्त टिकते.

म्हणून दुपारच्या गटचर्चेसाठी तीन गोष्टी ठेवते. एक, तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या मैदानावर संध्याकाळी किती मुली दिसतात, ते आठवडाभर मोजा आणि वहीत लिहा. नुसतं ‘मुलींना मैदान नाही’ म्हणण्यापेक्षा तो आकडा बैठकीत जास्त बोलतो. दोन, तुमच्या चालू प्रकल्पाच्या अहवालात कुठला रकाना नाही, तो शोधा आणि स्वतःच जोडा. देणाऱ्याने मागितला नसला तरी. तीन, प्रत्येक गटात आत्ता जी शिकतेय, ती पुढच्या वर्षी कुणाला शिकवणार, तिचं नाव आजच ठरवा.

सिल्व्हर बुलेट्सचा पाचवा हंगाम झाला नाही. आपल्या गटांचा पाचवा हंगाम व्हायचा असेल, तर त्याची तयारी पहिल्याच वर्षी करायला हवी. तुमच्या वह्या घेऊन दुपारी दोन वाजता भेटू.